निळ्या कापडाच्या मागे

"काका, यंदा कोळी नाच बसवून राह्यलो. तुमच्याकडचा समुद्र आहे नं अजून?"

अंजनगावकडच्या एका शाळेतल्या मॅडमचा फोन होता. आहे म्हटलं. वऱ्हाडात समुद्र नाही, पण आमच्या दुकानात आहे. वरच्या फळीवर, जुन्या लुगड्यात बांधलेला. निळं सॅटिनचं कापड, स्टेजच्या या टोकापासून त्या टोकाला पुरेल एवढं. दोन पोट्टे दोन बाजूंना उकिडवे बसतात, कापड धरून हलवतात आणि त्याच्या मागून पुठ्ठ्याची होडी जाते. होडीतल्या एकाही पोरीनं समुद्र पाहिलेला नसतो. नाच बसवणाऱ्या मॅडमनंही बहुतेक नसतो. मीही नाही पाहिला. तरी टाळ्या दरवर्षी त्याच नाचाला जास्त पडतात. ज्याला जे भेटत नाही त्याला तेच पाहावं वाटते, दुसरं काय.

समुद्र खाली काढला. डांबराच्या गोळ्यांचा वास नाकात गेला. कापड अंगणात नेऊन झटकलं तर चार टिकल्या पडल्या आणि एक सेफ्टी पिन पडली. वाकलेली, टोकाला गंजलेली. सुमनच्या बांगडीतली असणार. तिच्या डाव्या हाताच्या बांगडीत पिनांचा झुबका असायचा, हात हलला की बारीक वाजायचा. ती पिन मी उचलली आणि तिथंच पायरीवर बसून राहिलो. उन्हं चांगली होती. समोर सलमा भाभीच्या दारात तुरीच्या ओल्या शेंगांची टोपली ठेवलेली होती. हवेत गारवा होता. म्हटलं, आला बाप्पा सीझन.

सुमन माझी बायको. मागच्या सीझनमध्ये गेली.

आमचा धंदा ड्रेपरीचा. म्हणजे शाळांच्या गॅदरिंगला लागणारे कपडे भाड्यानं द्यायचे. शिवाजी, राधा, वासुदेव, शेतकरी, मोर, वाघ, सगळे आमच्याकडे खुंट्यांवर लटकलेले असतात. मी सातवीपर्यंतही धड गेलो नाही. अक्षरं नीट जमायच्या आधी मशीनवर पाय बसला. कपडे मी शिवायचो, घालायचं काम सुमनचं. दिवाळी सरली, कापूस घरात यायला लागला, तुरी भरल्या, की शाळांना गॅदरिंगचं येड लागते. मग आम्ही पेट्या घेऊन आज नांदगाव खंडेश्वर, उद्या अंजनगाव, परवा आणखी कुठं. स्टेजच्या मागं एक वर्ग मोकळा करून देत. बाकं भिंतीला लावलेली, फळ्यावर कालचं गणित तसंच. त्या वर्गात एकावेळी चाळीस लेकरं ओरडायची आणि मधात सुमन गुडघ्यावर बसलेली, तोंडात दोरा, हातात पिना.

लोक स्टेज पाहतात. मी आयुष्यभर स्टेजच्या मागचं पाहिलं. समोरून राधा दिसते तिच्या पाठीवर नाड्याच नाड्या असतात. ड्रेपरीचे ब्लाउज सगळे पाठीत उघडे असतात, म्हणजे जाड पोरीलाही होतात आणि काडीसारखीलाही. समोरून दिसलं पाहिजे. पाठ कोण पाहते?

सुमनची एक रीत होती. घागरा, परकर, जे कमरेखालचं असेल ते ती लेकराच्या डोक्यावरून कधी घालायची नाही. केसं बिघडतात, रंग पुसतो, लेकरू घाबरते. ती तो घागरा जमिनीवर गोल मांडायची. मधात भोक, भोवती कापडाचं कडं. त्याला ती घरटं म्हणायची. "चाल, टाक उडी घरट्यात," असं म्हटलं की पोट्टी त्या गोलात उभी राहायची, सुमन दोन्ही हातांनी कापड वर ओढायची आणि नाडी आवळायची. झालं. तोवर पुढचं घरटं मांडलेलं असायचं. उभं राहताना तोल सांभाळायला लेकरू खाली बसलेल्या सुमनच्या खांद्यावर हात ठेवायचं. सीझनच्या शेवटी तिच्या साडीच्या दोन्ही खांद्यांवर पावडरीचे, लालीचे, कुरमुऱ्याच्या तेलाचे बोटं उमटलेले असायचे. ती साडी ती लवकर धुवायची नाही.

जाता जाता प्रत्येकाच्या कानामागं काजळाचं बोट. तीट. नजर लागू नये म्हणून. मोर असो की वाघ.

आमची पल्लवी अशाच पेट्यांत वाढली. वाघाच्या कातड्यावर निजायची, राधेच्या ओढणीत. मोठी झाली, इथंच शिवणाचा कोर्स केला, मुंबईला गेली, तिथं नाटकांच्या आणि कार्यक्रमांच्या कपड्यांचं काम करायला लागली. आणि मागच्या वर्षीच्या दिवाळीला घरी आली ती बातमी घेऊनच. जहाजावर नोकरी लागली म्हणे. मोठं जहाज, हजारो माणसं मजेसाठी हिंडतात, आणि त्या जहाजात थेटर आहे, रोज नाचगाण्याचे खेळ होतात. त्या खेळाच्या मागं उभं राहून नाचणाऱ्यांचे कपडे बदलून द्यायचे.

मला पटलं नाही, आणि मी तसं तोंडावर बोललो.

"समुद्रात जाऊन हुक लावशीन? अमरावतीत हुकं संपले का?"

सुमन चुलीजवळून बोलली, "तुमी आयुष्यभर काय केलं? कलेक्टरी?"

मी उठून बाहेर आलो.

त्याच दिवाळीच्या मागोमाग सुमनचे रिपोर्ट आले. पोटात दुखते, पोटात दुखते म्हणत होती, आम्ही ओवा देत होतो. डॉक्टरनं मला बाजूला घेऊन सांगितलं. बाजूला घेऊन सांगितलं तरी तिला कळायचं ते कळलंच. बायकांना पाठीतून ऐकू येते.

त्या दिवसाचं दुपारचं ऊन मला आठवते. अंगणात चटई, चटईवर तुरीच्या शेंगांचा ढीग, मायलेकी सोलत बसलेल्या. मी दारात मशीनवर. बोटं हिरवी झालेली दोघींची.

पल्लवी म्हणाली, "आई, मी जात नाई."

"काहून?"

"तू अशी असताना?"

"अशी म्हनजे कशी? मी काय उद्याच मरून राह्यली का?"

"आई!"

"हे पाय. लेकरं स्टेजच्या मांगं उघडे उभे असले अन् कपडेवाली आलीच नाई, तर थ्याइनं काय करावं? आपन कोन्या शाळेले असं केलं का कधी?"

"थे जहाज आहे आई, शाळा नाई. त्याइले दुसरी भेटन."

"त्याइले भेटन. तुले दुसरं जहाज भेटन का?"

पल्लवीनं पुढची शेंग फोडली. मग सुमननं हातातल्या तुरी टोपल्यात टाकल्या आणि म्हणाली, "जाय तू. फक्त एक सांगून ठेवतो. माह्या आंगावरचे अखेरचे कपडे तू घालजो. थ्या आकोल्याच्या बायकाइले निऱ्या येत नाईत. गाठोडं बांधल्यासारखं बांधतात माणसाले. मी सगळ्या जिल्ह्याच्या लेकराइले नीट घातलं. माहं गाठोडं नोको."

अकोला सुमनचं माहेर. तिच्या भावजयांवर तिचा राग जुनाच.

पल्लवी रडता रडता हसली. "येईन मी. काई झालं तरी येईन." मी मशीनचं चाक फिरवलं नाही. आवाज झाला असता तर मी ऐकत होतो हे कळलं असतं.

बडनेऱ्याला गाडीत बसवून दिलं. तिच्या बॅगेत सुमननं आवळासुपारी, तिखट शेव, दोऱ्याची रिळं आणि काजळाची डबी टाकली. "तिकडं भेटत नाई का सुई-दोरा?" म्हटलं तर म्हणे, "तिकडचा तिकडं. हा घरचा."

मग सुरू झाले फोन. सुमनची खाट मी दुकानातच आणून टाकली होती, गिऱ्हाईक दिसते म्हणून. फोन उशीला टेकवून ती पल्लवीचं तोंड पाहत पडायची. मी शिवत शिवत ऐकायचो. ती नवी नोकरी मी कानांनीच पाहिली.

पहिल्या दिवशी पोट्टी चुकली. जहाजाच्या आत लांबच लांब गल्ल्या, सगळ्या सारख्या, खिडकी कुठं नाही. जेवायच्या जागेतून स्वतःच्या खोलीत जायला निघाली ती धुलाईच्या खोलीत पोचली. तिची खोली पार खाली, पाण्याच्याही खाली.

"म्हनजे मासोया वर अन् तू खाली?" सुमननं विचारलं.

"हाव."

"मंग मासोयाइले सांग, पाय सांभायून ठेवा म्हना, माही पोरगी निजली आहे."

आधी कपड्याचं काम दिलंच नाही तिला. भगव्या रंगाचं तरंगणारं जाकीट घालून कुठं उभं राहायचं, भोंगा वाजला तर किती लोकांना कुठं न्यायचं, हे शिकवलं. जहाज बुडायचं शिक्षण आधी, नाचायचं नंतर. मला ते बरं वाटलं. मग समुद्र खवळला आणि ती दोन दिवस ओकत राहिली. तिथले लोक म्हणे हिरवं सफरचंद खा. सुमन म्हणे आवळासुपारी चघळ. दोन्ही केलं, म्हणून कशानं थांबलं ते शेवटपर्यंत कळलं नाही.

स्टेजच्या मागं जागा आमच्या दुकानापेक्षाही अरुंद, असं सांगायची. कपड्यांच्या दांड्या लवचीक दोऱ्यांनी बांधलेल्या. जहाज कललं की सगळे कपडे एकदम एकीकडे झुकतात, परत एकदम सरळ होतात. अंधार. फक्त छोटा निळा दिवा. नाचणारी पोरगी पळत आत येते, तिच्या अंगातून वाफा निघतात, तेवढ्यात एक काढायचं, दुसरं घालायचं, घाम टिपायचा, पाणी पाजायचं, आणि ती परत पळत बाहेर. तिकडे पाहणाऱ्यांना वाटते जादू झाली. पल्लवी टॉर्च दातांत धरायची. सुमन दोरा धरायची तशी.

एका संध्याकाळी फोन आला तर पोट्टी ओरडतच होती. "आई, इथं बी घरटंच करतात! सगळे झगे खाली गोल मांडून ठेवतात, माप घेऊन, टेप लावून. मी पाह्यलं अन् मले हसूच आलं. आमच्या वरच्या मोठ्या बाईनं विचारलं काय झालं. म्हटलं, हे तर माह्या आईचं आहे."

सुमन छताकडे पाहत राहिली. मग मला म्हणाली, "आयकलं का? मले वाटे हे मीच काढलं. जगभर असंच आहे म्हनते थे."

"मंग? वाईट वाटून राह्यलं का?"

"वाईट कायचं? बरोबर होतं म्हनजे आपलं."

आणि तिटीचा किस्सा. पहिल्याच खेळाला पल्लवीनं एका गोऱ्या नाचणारीचे हुक लावले आणि हातांच्या सवयीनं तिच्या कानामागं काजळाचं बोट लावून दिलं. ती पोरगी दचकली. पांढरी कॉलर होती, तिला डाग लागला. मोठी बाई तापली. हे काय फासलं म्हणे. आता नजर म्हणजे काय हे इंग्रजीत कसं सांगायचं? पल्लवीनं सांगितलं ते असं, की तू इतकी सुंदर दिसलीस की भीती वाटली, म्हणून थोडी खराब केली. हे ऐकून सुमन इतकी हसली की तिला ठसका लागला, आणि ठसक्यातून दुखणं उठलं, आणि मी फोन हातातून काढून घेतला. पल्लवी तिकडून आई, आई करत राहिली.

त्या हसण्यानंतर ती तेवढी कधी हसली नाही.

हिवाळा आमच्याकडे लोक चांगला मानतात. हुरडा, संत्री, अंगणात शेकोटी. मागचा हिवाळा मी संत्र्याच्या सालीच्या वासावरून ओळखतो. तिला बाकी काही जायचं नाही, एखादी फोड चोखायची. दुकानभर साली वाळत. शाळांच्या पेट्या येत-जात होत्या, मी एकटाच भरायचो, एकटाच न्यायचो, घालायचं त्या त्या शाळेच्या मॅडम पाहून घ्यायच्या. सलमा भाभी समोरून यायची, सुमनजवळ बसायची. भाभी आमच्या घागऱ्यांवर टिकल्या लावून द्यायची, तीसेक वर्षांचा शेजार. मी गावाहून परत आलो की पेटी उतरवायच्या आधी सुमन विचारायची, "कोनाच्या कानामांगं लावलं का बोट?" मी म्हणायचो, "मले नाई जमत बायकाइचे काम." ती तोंड फिरवून घ्यायची.

दवाखान्यात जायचं तर तिला साडीच पाहिजे. गाऊनवर येणार नाही म्हणे, मी काय बाळंतीण आहे का. पण उभं राहवत नव्हतं. मग मीच परकर खाली मांडला. गोल. तिनं पाहिलं.

"हे काय?"

"घरटं. टाक उडी."

"उडी टाकाचे दिवस गेले बुढ्या," म्हणाली, पण आली. खाटेवरून एक पाय, मग दुसरा. मी खाली बसलेलो, तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. तेव्हा मला कळलं किती उरली आहे ती. चिमणी बसावी एवढा भार. मी परकर वर घेतला आणि नाडी बांधता बांधता माझी बोटं अडखळली. वरून आवाज आला, "दुनियेच्या पोराइचे कपडे शिवले, बायकोची नाडी बांधता येत नाई."

दर वेळी हेच. दर वेळी हात. पुढं पुढं तर मी खाली बसायची वाट पाहायचो.

पल्लवीला आम्ही काही लपवलं नाही. लपवायला तिला काय डोळे नव्हते? फोनमध्ये आईचं तोंड दिसत होतंच. दोनदा ती म्हणाली, सोडून येते. दोन्ही वेळा सुमननं विचारलं, "आज खेळ आहे का?" आहे म्हटलं की म्हणायची, "मंग जाय, उशीर होईन."

संक्रांतीचं हळदीकुंकू सुमननं खाटेवर बसून केलं. बायका आल्या, वाण घेऊन गेल्या. ती सगळ्यांच्या कपड्यांना नावं ठेवत होती. मला वाटलं, चाललं आहे बरं.

आणि रथसप्तमीच्या आधीच, सकाळी, मी चहा घेऊन गेलो तर ती गेलेली होती. कुशीवर. हात उशीखाली. फोन बाजूला.

मी चहा खाली ठेवला. मग समोर जाऊन भाभीला सांगितलं. मग अकोल्याला फोन केला. पल्लवीला सगळ्यात शेवटी. खरं सांगतो, तिला सांगायला तोंड उघडत नव्हतं, कारण मला ते अंगण, त्या शेंगा आणि ते गाठोडं आठवत होतं.

फोन लागला. जहाज सिंगापूरच्या बाजूला कुठंतरी, चारी बाजूंनी पाणी. बंदर दुसऱ्या दिवशी. तिथून विमान, मग मुंबई, मग नागपूर, मग इथं. पल्लवीनं ऐकलं, आणि रडली नाही. म्हणाली, "बाबा, थांबा. ठेवा आईले. मी येतो. मी म्हटलं होतं येईन म्हनून."

आता बर्फावर ठेवायचं म्हटलं तर ठेवता येते, ठेवतात लोक. पण सुमनला थंडी सहन होत नव्हती. मेलेल्या माणसाला थंडी वाजत नाही हे मलाही कळते. तरी मी नाही म्हटलं. "नाई पल्लू. आजच."

तिकडं जहाज घरघरत होतं. मग म्हणाली, "मंग फोन बंद करू नका."

अकोल्याहून माहेरची साडी यायची होती. सवाष्ण बाई गेली की माहेरची साडी नेसवून नेतात. भावजय गाडीनं निघाली होती. तोवर भाभीनं पाणी तापवलं. ज्या बायका संक्रांतीला वाण घेऊन गेल्या त्याच परत आल्या. भावजय आली, हिरवी साडी आणली, चांगली होती, काठ चांगला होता. बायकांनी आंघोळ घातली आणि मग सगळ्या थांबल्या. अंग ताठलं होतं. भावजय ब्लाउजची बाही चढवायला पाहत होती, हात वळत नव्हता. ती जोर लावायला लागली.

"मामी, थांबा!" फोनमधून आवाज आला. फोन मी खुंटीवर टांगला होता, वासुदेवाच्या टोपीशेजारी. "ओढू नका. माह्या आईचा हात ओढू नका. बाबा, तुमी या."

भावजय म्हणाली, "पुरुष मानसानं आत येऊ नये."

"आमचं सारं घरच स्टेजच्या मांगं आहे मामी. येऊ द्या त्याइले."

मी आत गेलो.

"बाबा, कैची घ्या. ब्लाउज पाठीतून कापा. गळ्यापासून खालपर्यंत. आपल्या ड्रेपरीसारखा."

तो ब्लाउज मी शिवला होता. तिचे सगळे मीच शिवले. दुकानातली मोठी कात्री घेतली, तीच, जिनं तो बेतला होता. शिवण सोडून कधी कापड कापू नये, असं माझ्या उस्तादानं शिकवलं होतं. मी मधातून कापलं. कर्र आवाज झाला. पाठ उघडी झाली. मग बाह्या समोरून सरकवल्या, काही जोर लागला नाही. समोरचे हुक मी लावले. सगळे. एकही चुकला नाही.

"आता साडी," पल्लवी म्हणाली. "उभं करता येत नाई नं आईले. मंग घरटं निजवून करा. साडी चटईवर पसरा, निऱ्या आधीच घालून ठेवा, मोजून, बोटाएवढ्या. भाभी, तुमाले कूस पलटवता येते नं?"

सलमा भाभी त्यांच्यातल्या बायकांच्या मय्यतीला आंघोळ घालायला जाते. तिला येते. "आता है बिटिया," ती म्हणाली. "तू बोल, मैं करती."

भावजय पुटपुटली, आपल्यात असं चालते का म्हणून. मी म्हटलं, "चालत नसन तर तुमी बाहेर बसा." ती बसली नाही. तिनंही हात लावला. निऱ्या तिनंच घातल्या, पल्लवीनं दोनदा मोडायला लावल्या, तिनं दोनदा मोडल्या. भाभीनं सुमनला एका कुशीवर घेतलं, साडी खाली सरकवली, परत दुसऱ्या कुशीवर. मग दोन्हीकडून कापड वर आलं. पदर खांद्यावर. भाभी अशा हातांनी करत होती की झोपमोड होऊ नये.

"निऱ्या दिसत नाईत मले, फोन खाली घ्या," पल्लवी म्हणाली. मी फोन हातात धरला आणि सुमनवरून पायापासून डोक्यापर्यंत हळूहळू नेला. पल्लवीचं तोंड त्या निळ्या दिव्यात दिसत होतं. तिच्या मागं झगे लटकले होते, एका बाजूला झुकत, सरळ होत.

"पाठीत पिन लावली का?"

"पाठ कोन पाहते आता?"

"लावा बाबा."

लावली. सुमनच्याच बांगडीतली एक काढून.

"आता बरोबर," ती म्हणाली. आणि मग रडली. तिकडे कोणीतरी तिला धरलं, दोन गोरे हात दिसले, आणि फोन हलून छत दिसायला लागलं.

गाठोडं नाही झालं. एवढं मी सांगू शकतो. तिला नेताना रस्त्यावर जी बायकामाणसं उभी होती त्यांच्यातली एक म्हणाली, काय नीट नेसवलं आहे. मला ते ऐकू आलं.

संध्याकाळी पल्लवीनं खेळ केला. मोठी बाई म्हणाली होती, नको करू, झोप. पण ती गेली. तिनं नंतर सांगितलं, ती पांढऱ्या कॉलरवाली आली, पाठ केली, हुक लावून झाले, तरी जाईना. उभीच. मग तिनं आपले केस हातानं बाजूला केले आणि कान पुढं केला. पल्लवीनं डबी काढली. मला हे ऐकून बरं वाटलं की नाही, सांगता येत नाही. नजर लागायची ती आमच्या घराला लागून गेली होती. पण पोरगी तिकडे एकटी नव्हती, एवढं कळलं.

जहाजावरचा करार संपला तशी पावसाळ्यात ती घरी आली. आल्या आल्या आईच्या खाटेवर बसली, पेट्या उघडल्या, सगळे हुक तपासले. रोज एक पेटी. मग म्हणाली, "बाबा, मी आता जात नाई. दुकान सांभायतो."

मी म्हटलं, "दुकान काय अंडे देते का?"

"तुमी एकटे."

"मी एकटा आहे थो आहे. तू इथं बसल्यानं तुही आई येऊन राह्यली का? जाय. तिनं तुले जाऊ नोको म्हटलं असतं का कधी?"

बोललो तसा जोरातच बोललो. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मग बॅग भरायला लागली. काजळाची डबी संपली होती, मी नवी आणून ठेवली, बॅगेच्या वरच. तिनं पाहिली. दसऱ्यानंतर गेली. दुकान मात्र मी बंद करायचं ठरवलं होतं. मुलींना कपडे घालून द्यायला बाई पाहिजे, बुढा नाही चालत. त्यात गुडघे बसले की उठत नाहीत. म्हणून तर त्या मॅडमला मी सांगणार होतो, समुद्र घेऊन जा, परत नाही आणला तरी चालन.

पण पल्लवीचा फोन आला. "बाबा, खेळ आहे का?"

"आहे. कोळी नाच."

"मंग जा. उशीर होईन."

गेलो. भाभीला सोबत घेतलं. वर्गात तेच, बाकं भिंतीला, फळ्यावर भागाकार, चाळीस लेकरं. भाभीनं पोरींच्या अंगावर पोलकी चढवली, नाड्या बांधल्या. कमरेखालच्या लुगड्यांचं मात्र तिला एकटीला होईना. मॅडम दारातून ओरडल्या, "काका, कोळी नाचवाल्या झाल्या का?" झाल्या नव्हत्या. मी पेटीजवळ उभा होतो. मग मी एक लुगडं घेतलं, तयार शिवलेलं, इलॅस्टिकचं, आणि जमिनीवर मांडलं. गोल. पेटीला धरून एक गुडघा टेकवला, मग दुसरा. एक बारकी पोट्टी समोर आली, दात पडलेली, डोक्यात कागदी फुलं.

"आजोबा, हे काय आहे?"

"घरटं. टाक उडी."

"मोडन नं!"

"नाई मोडत. टाक."

तिनं उडी टाकली. तोल गेला तसे तिचे दोन्ही हात माझ्या खांद्यांवर आले. पावडर लागलेले, घामेजलेले, चांगले वजनदार हात. मी कापड वर घेतलं.

"थांबा नं आजोबा, मी पडन."

"ठेव हात," म्हटलं. "ठेव. काढू नोको."

खिशातून काजळाची डबी काढली आणि तिच्या कानामागं बोट टेकवलं. बाहेर वाजवायला लागले. ती पळाली. दारातून पाहिलं तर दोन पोट्टे निळं कापड हलवत होते, आणि पुठ्ठ्याची होडी डुलत डुलत त्याच्या मागून जात होती.

माझ्या शर्टाच्या दोन्ही खांद्यांवर पांढरी बोटं उमटलीत. शर्ट खुंटीवर आहे. धुतला नाही.